ज्वरानंतरचे जड पाय

२००६ सालच्या उन्हाळ्या-पावसाळ्याचे स्मरण झाले की मराठवाड्यातील आपल्यापैकी अनेक वैद्यबंधूंच्या डोळ्यांपुढे एकच देखावा उभा राहतो. दवाखान्याच्या ओट्यावर भिंतीचा आधार घेत, कमरेत वाकून, नातेवाइकाच्या खांद्यावर भार टाकून आलेली माणसे. चिकुनगुनिया हा शब्दच मुळी आफ्रिकेतील माकोंडे भाषेतून आलेला असून वेदनेने वाकून जाणे असा त्याचा आशय आहे, हे आपल्याला पुढे वाचनातून कळले. रुग्णांनी मात्र तो अर्थ आपल्याला आधीच दाखविला होता. त्या वर्षी देशभरात संशयित रुग्णांची संख्या १३ लाखांच्या वर गेली. शेजारच्या बार्शीत १९७३ साली याच ज्वराची मोठी साथ येऊन गेली होती. परंतु मधल्या तीन दशकांत तो ज्वर देशातून जणू लुप्त झाला होता आणि आपल्या पिढीतील वैद्याला त्याचा अनुभव असण्याचे कारण नव्हते.

त्या साथीत आपण केलेली सेवा अभिमानास्पद होती, यात शंका नाही. ज्वर दोन-चार दिवसांत उतरे, पण सांधे महिनोन्‌महिने सुटत नसत. वेदनाशामक गोळ्यांनी पोटे बिघडवून घेतलेले रुग्ण आपल्याकडे वळले. रास्नासप्तक काढा, योगराज गुग्गुळ, सिंहनाद गुग्गुळ, शुंठीसिद्ध एरंडतेल यांचा आपण सढळ उपयोग केला आणि पुष्कळांना बरे वाटले. औषधी दुकानांत महानारायण तेलाच्या बाटल्या उरल्या नाहीत. आयुर्वेदाकडे पाठ फिरविलेली कुटुंबे त्या वर्षी परत आली, ती आजतागायत टिकून आहेत.

या यशाच्या छायेत आमच्या हातून जी एक चूक घडली, ती या पानावर नोंदविण्याचे धैर्य आम्हांस इतकी वर्षे झाले नाही. आज ती सांगत आहोत.

तुळजापूर तालुक्यातील एका खेड्यातला, तिशीच्या आतला एक शेतकरी त्या साथीत आमच्याकडे आला. ज्वर येऊन बारा दिवस झाले होते व तो उतरलाही होता. सांधेदुखी होतीच, तथापि दोन दिवसांपासून पाय जड झाल्याची त्याची तक्रार होती. पाय उचलत नाहीत, दुसऱ्याचे पाय जोडल्यासारखे वाटतात, असे तो म्हणाला. दिवसभरात असे म्हणणारे साठ-सत्तर रुग्ण पाहिल्यावर आम्ही त्या वाक्याकडे वेगळे लक्ष दिले नाही. ज्वरोत्तर वातप्रकोप असे निदान लिहिले. अभ्यंग, नाडीस्वेद व गुग्गुळ सुरू केला. तिसऱ्या दिवशी पाय अधिक जड झाले. स्नेहन कमी पडले असावे असे मानून आम्ही ते वाढविले. पाचव्या दिवशी त्याच्या पत्नीने हळूच सांगितले की कालपासून लघवीच झालेली नाही. पोटाला हात लावला, तो बस्तिप्रदेश नाभीपर्यंत तटतटलेला. आणि विशेष म्हणजे एवढा तणाव असूनही रुग्णास वेदना नव्हती. तेव्हा कोठे आम्ही टाचणी घेऊन पायापासून वर स्पर्श तपासला. बेंबीच्या खाली टाचणी कळत नव्हती. तो सांध्यांचा रोग नव्हताच. मज्जारज्जूचा शोथ होता.

सोलापूरला नेल्यावर एम.आर.आय. झाला, शिरेतून स्टेरॉइड देण्यात आले. तो वाचला. पुढे काठीच्या आधाराने चालू लागला, पण नांगरामागे पुन्हा उभा राहिला नाही. पहिल्याच दिवशी पाठविला असता तर पूर्ण बरा झाला असता, असे छातीठोकपणे कोणीही सांगू शकत नाही. मात्र ते पाच दिवस आम्ही घालविले, एवढे निश्चित.

हा रोग नेमका कोणता, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. विषाणूचा किंवा अन्य जंतूचा ज्वर येतो, ओसरतो, रुग्ण उठून कामाला लागतो. आणि त्यानंतर काही दिवसांनी, बहुधा एक ते तीन आठवड्यांत, मेंदू व मज्जारज्जू यांत शोथ उत्पन्न होतो. जंतू तेथे ठाण मांडून बसलेला असतोच असे नाही. जंतूशी लढण्यासाठी जागृत झालेली शरीराची संरक्षक यंत्रणा नाडीतंतूंवरील मायलिन नामक स्निग्ध आवरणाला शत्रू समजून त्यावर तुटून पडते. आधुनिक शास्त्रात याच्या सर्वदूर पसरलेल्या प्रकारास अ‍ॅक्यूट डिसेमिनेटेड एन्सेफॅलोमायलायटिस, संक्षेपाने ए.डी.ई.एम. म्हणतात, केवळ मज्जारज्जूचा आडवा पट्टा धरला गेला तर ट्रान्सव्हर्स मायलायटिस. पहिला प्रकार मुलांत अधिक. गोवरानंतर साधारणतः हजारांत एका रुग्णास मेंदूचा असा शोथ होतो. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात व पाठोपाठ भिवंडी, मालेगाव येथे गोवर उसळला, तेव्हा हा धोका केवळ पुस्तकातला नव्हता.

आवरणावरील या स्वकीय हल्ल्याचे ज्ञान वैद्यकास कसे झाले, ती हकिगत आपल्या समाजाच्या आठवणीत वेगळ्या रूपाने जिवंत आहे. कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती आपल्या पिढीतील प्रत्येकाने बाळपणी अनुभवली आहे. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौली येथे सिद्ध केली होती. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून, तो फिनॉलने निष्प्रभ करून ती बनवीत. तिने असंख्य प्राण वाचविले. परंतु काही शे ते काही हजार रुग्णांमागे एकास लस टोचून घेतल्यानंतर पक्षाघात, मूत्रावरोध वा बेशुद्धी येई. पाश्चर यांच्या मूळ लशीनंतरही असे प्रकार घडले होते. हा रेबीज नव्हे, मग काय, या प्रश्नाचा मागोवा घेताना अमेरिकेत टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकात माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अंश वारंवार टोचून पाहिला, आणि विषाणूवाचूनही तसाच शोथ उत्पन्न झाला. पुढे १९८७ साली थायलंडमधील सेंपल लस घेतलेल्या अशा रुग्णांत मायलिनमधील प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळून आली. भारतात त्या लशीचा वापर २००४ अखेर थांबविण्यात आला. आजच्या पेशीसंवर्धित लशीत मेंदूचा अंश नसतो. म्हणून वरील इतिहास ऐकून श्वानदंशाच्या रुग्णास कोणी लशीपासून परावृत्त करील, तर तो मनुष्यवधच होय. गोवराच्या लशीविषयीही हेच म्हणावयाचे आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. चिकुनगुनिया, डेंग्यू, गोवर, कांजिण्या, गालफुगी, साधा वाटणारा कफज्वर, यांपैकी कोणताही ज्वर या रोगाचे निमित्त होऊ शकतो. २००६च्या साथीतील नाडीसंस्थेच्या उपद्रवांचा अभ्यास नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील तज्ज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केला. त्यात मेंदूचा शोथ झालेले रुग्ण सर्वाधिक होते. काहींत मज्जारज्जू तर काहींत परिधीय नाड्या बाधित होत्या. यांत विषाणूचा प्रत्यक्ष आघात किती व ज्वरोत्तर स्वकीय हल्ला किती, हे वेगळे काढणे कठीण असते. आपल्यासाठी मुद्दा एवढाच, की आमचा तो रुग्ण एकटा नव्हता. त्या गर्दीत सर्वांनाच चालता येत नव्हते. त्यामुळे ज्याला सांध्यांमुळे नव्हे तर मज्जारज्जूमुळे चालता येत नव्हते, तो कोणाच्याच नजरेस पडला नाही. २०२४ साली पुणे व नागपूर भागांत चिकुनगुनियाने पुन्हा डोके वर काढले, हे येथे लक्षात ठेवावे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या मलपरीक्षेत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा दूषित अन्नपाण्यातून येणारा जंतू सापडला. पुण्यात राहून आलेल्या एका रुग्णाचा मृत्यू सोलापुरात झाला, तेव्हा आपल्याकडेही घबराट पसरली. शास्त्रदृष्ट्या हा रोग मेंदू-मज्जारज्जूचा नसून त्यांतून बाहेर पडणाऱ्या नाड्यांचा आहे. त्यात लघवी सहसा उशिरा अडते वा अडतही नाही, गुडघ्यावर हातोडीने आघात केल्यास पाय उडत नाही. आणि भय असते ते श्वासाचे. परंतु दोहोंची जातकुळी एक: आधी जंतूचा विकार, तो बरा झाल्यावर स्वकीय हल्ला. आणि दोहोंतही रुग्ण पहिल्यांदा येतो तो पायांची तक्रार घेऊन, आणि पुष्कळदा आपल्याकडेच.

आता शास्त्राकडे वळू. आपल्यातील काही विद्वान मित्र म्हणतात की नाडीसंस्थेचा रोग म्हणजे वातव्याधी, आणि वातास स्नेहासारखे औषध नाही. सामान्यतः हे खरे आहे. पण चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाचा २७वा अध्याय स्वतंत्रपणे ऊरुस्तंभास का दिला असावा? अध्यायाच्या आरंभीच अग्निवेश विचारतो की, साध्य असूनही पंचकर्माने बरा न होणारा असा एखादा रोग आहे काय. आणि आत्रेय उत्तर देतात, आहे, ऊरुस्तंभ. मांड्या जड, थंड, बधिर होतात. पाय उचलता येत नाहीत, ते परक्याचे असल्यासारखे भासतात. पुढे आचार्य वैद्यालाच बजावतात की केवळ वाताच्या शंकेने अज्ञानाने येथे स्नेहन केले, तर पायांची शिथिलता व सुप्ती वाढते आणि ते उचलणे अधिकच दुष्कर होते. आमचा तो रुग्ण गेल्यानंतर कित्येक महिन्यांनी हा अध्याय आम्ही पुन्हा उघडला. महाविद्यालयात तो पाठ केला होता, परीक्षेत त्यावर गुणही मिळविले होते.

ऊरुस्तंभ म्हणजे मायलायटिस, असे समीकरण मांडण्याचा आमचा हेतू नाही. असली समीकरणे मांडण्याची आपल्या नियतकालिकांना जी हौस आहे, ती आम्हांस मान्य नाही. आम व कफाने आवृत झालेला वात हे ग्रंथातले संप्राप्तिवर्णन एम.आर.आय.च्या चित्रावर चिकटवून ना ग्रंथाचा सन्मान होतो, ना चित्राचा. आमचे म्हणणे इतकेच, की जड झालेला प्रत्येक पाय तेल मागत नाही हे आपल्याच शास्त्राने सांगून ठेवले आहे. हा रोग नवा आहे तोवरच साधावा, हेही त्याच अध्यायात आहे.

मग आपण करावे काय? ज्वरानंतर महिन्याभरात पायांच्या तक्रारीसाठी आलेल्या रुग्णास तेल लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: लघवी नीट होते काय? या एका प्रश्नाने आमचे पाच दिवस वाचले असते. त्यानंतर दुखते म्हणून पाय हलत नाही की हलवू म्हटले तरी हलत नाही, हा भेद रुग्णास निजवून पाहावा. सांधेदुखीचा रुग्ण कण्हत का होईना, पण पाय उचलतो. टाचणीचा स्पर्श पायापासून छातीपर्यंत पाहत जावा. मध्येच कोठे रेषा ओढल्यासारखा फरक लागला तर पुढे काही तपासण्याची गरजच नाही. एका श्वासात किती अंक मोजता येतात, हेही पाहावे. श्वासाचे स्नायू थकत असतील तर पंधरा-वीसच्या आतच रुग्ण अडखळतो. एका डोळ्याने एकाएकी कमी दिसू लागणे, जीभ जड होणे, चालताना झोक जाणे, ही लक्षणे ज्वरानंतर नव्याने आलेली असतील तर ती किरकोळ समजू नयेत.

मुलांच्या बाबतीत चित्र निराळे असते. ज्वर वा गोवर जाऊन आठ-दहा दिवस लोटलेले, मूल खेळायला लागलेले, आणि मग ते एकाएकी पेंगू लागते, चिडते, आईला नीट ओळखत नाही, एखादा झटका येतो. आपल्या तुळजापूरच्या मातीत अशा मुलाला दवाखान्याऐवजी प्रथम देवळाच्या पायऱ्यांवर नेले जाते, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. गोवर-कांजिण्या हे देवीचे देणे, हा समज फार जुना आहे. त्या आईशी वाद घालण्यात आम्ही आता वेळ दवडीत नाही. नवस बोल, फेडायला मूल बरे झाल्यावर ये, आणि आत्ता गाडीत बस, एवढेच सांगतो. ती ऐकते.

अशा रुग्णास त्याच दिवशी पाठवावयाचे. येथून सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर, रस्ता उत्तम. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. सोबत स्वहस्ताक्षरात चिठ्ठी द्यावी: ज्वर कोणत्या तारखेस आला, केव्हा उतरला, पाय केव्हापासून जड, लघवी केव्हा शेवटची झाली, आपण कोणते औषध दिले. रसौषधी दिली असेल तर तीही लपवू नये. तेथे एम.आर.आय. व कण्यातील पाणी तपासून, हा मणक्याचा क्षय अथवा गळूचा दाब तर नव्हे, मेंदूत जंतू प्रत्यक्ष शिरलेला तर नव्हे, हे ठरवितात. मगच मिथाइल प्रेडनिसोलोन मोठ्या मात्रेत, बहुधा तीन ते पाच दिवस, शिरेतून दिले जाते. त्याने भागले नाही तर इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलण्याचा उपचार असतो. या रोगातील स्टेरॉइडचा आधार मोठ्या तुलनात्मक चाचण्यांपेक्षा दीर्घ अनुभवाचा अधिक आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो अनुभव बोलका आहे, आणि या रोगातील बहुसंख्य मुले चांगली सुधारतात.

स्टेरॉइडचे नाव निघताच आपल्यातील काहींच्या कपाळावर आठ्या पडतात. त्याच्या अविवेकी वापरावर याच पृष्ठांतून आम्ही टीका केली आहे आणि पुढेही करू. सांधेदुखीवर महिनोन्‌महिने गुपचूप चारलेली गोळी वेगळी आणि नाडीतंतू जळत असताना रुग्णालयात देखरेखीखाली दिलेले पाच दिवसांचे औषध वेगळे. हा फरक ज्यास कळत नाही, त्याने वत्सनाभ शोधून वापरणाऱ्या शास्त्राचा अभिमान बाळगू नये. उलटपक्षी, पाठविण्यापूर्वी अंदाजाने डेक्साचे एक इंजेक्शन ठोकून देण्याची जी पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे, तीही तितकीच त्याज्य. निदान धूसर होते, आणि आत क्षय वा अन्य जंतू असेल तर अनर्थ ओढवतो.

रुग्ण पाठविला की वैद्याचा मान जातो, ही भीती आम्हांसही होती. गुल्म पक्व झाला असता पुढील कर्माचा अधिकार धान्वंतरीयांचा, असे चरकाचार्यांनी निःसंकोच लिहून ठेवले. त्यांचा मान दोन हजार वर्षांत कमी झालेला नाही.

औषधी दुकानांच्या मालकांशी थोडे वेगळे बोलावयाचे आहे. आश्विन पौर्णिमेस सोलापूर व कर्नाटकाकडून लाखो भाविक अनवाणी चालत येथे येतात. पाय सुजलेले, पोटऱ्या भरलेल्या. तेल, मलम, गुग्गुळ यांची त्या आठवड्यातील विक्री आपण जाणताच. या गर्दीचे आणि २००६च्या गर्दीचे साम्य आपल्या ध्यानात आले असेल. चालून थकलेला पाय दोन रात्रींच्या विश्रांतीने हलका होतो. विश्रांती घेऊनही जो पाय रोज जड होत जातो, ज्यास मुंग्या येऊन त्या वर सरकतात, आणि ज्याच्या मालकाला पंधरवड्यापूर्वी ज्वर वा जुलाब होऊन गेले आहेत, त्यास बाटली विकू नये. आपल्या गल्ल्यासमोर उभे राहून तो ‘पाय जड झालेत, चांगलंसं तेल द्या’ असे म्हणेल. तेव्हा ‘ताप कधी येऊन गेला, लघवी होते का’ असे विचारण्यास अर्धे मिनिट लागते. बाटलीचे दीड-दोनशे रुपये बुडतील, हे खरे.

रुग्णालयातून परतलेला रुग्ण मात्र आपलाच आहे, आणि आपली उपेक्षा होते ती येथे, कारण आपण स्वतःच तेथे उभे राहत नाही. शोथ शमलेला, स्टेरॉइडची मात्रा उतरत आलेली, पण स्नायू वाळलेले, पाय ताठरलेले, मलावरोध, निद्रानाश, मन खचलेले. रूक्षणानंतर वात वाढला असता स्नेह-स्वेदाचा क्रम योजावा, असे ऊरुस्तंभाच्याच अध्यायात पुढे सांगितले आहे. जे तेल पहिल्या दिवशी निषिद्ध होते, तेच आता प्राप्तकाल ठरते. तथापि जेथे स्पर्शज्ञान नाही तेथे स्वेदन करताना त्वचा भाजण्याचा धोका असतो. बधिर पायावर गरम पिंडाने उठलेले फोड आम्ही पाहिले आहेत. तेथे कोमट अभ्यंगावर थांबावे, टाचा व माकडहाड रोज पाहावे, व्यायामोपचार बंद करू देऊ नयेत. स्टेरॉइड आपल्या सल्ल्याने एकाएकी थांबविण्याचा अविचार कोणीही करू नये. या अवस्थेत बस्ती व अभ्यंगाने किती लाभ होतो, याविषयी आपण सभांतून मोठमोठ्या गोष्टी बोलतो. पण कितव्या दिवशी रुग्ण उभा राहिला, कितव्या दिवशी नळी निघाली, अशी तारीखवार नोंद आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

आमच्या तालुक्यातील काही वैद्य व दुकानदार यांनी मिळून अशी नोंदवही ठेवण्याचे ठरविले आहे. ज्वरानंतर पाय जड झालेला रुग्ण, नाव न लिहिता, वय, ज्वराची तारीख, आपल्याकडे आल्याची तारीख, पाठविल्याची तारीख आणि सहा महिन्यांनंतरची स्थिती, इतकेच त्यात लिहावयाचे आहे. आल्याची व पाठविल्याची तारीख एकच असावी, असा प्रयत्न राहील. धाराशिव, लातूर व सोलापूर भागातील सभासदांनी आपल्या नोंदी पुढील अंकापर्यंत कळवाव्यात. चुकलेल्या रुग्णांच्या आधी कळवाव्यात. पहिल्या पानावर आम्ही २००६चा आमचा रुग्ण लिहिला आहे. दोन तारखांमधले अंतर पाच दिवस.